शून्य ते दहामधलं माझं दोन

गेल्या हिवाळ्यात माझा डावा गुडघा बदलला आणि त्या चार-पाच दिवसांत मी एक आकडा खोटा सांगितला. आकडा तसा लहानच होता. दोन. पण त्या दोनापायी एका पोरीची नोकरी जायची वेळ आली. ती गोष्ट मी नातेवाइकांना सांगताना नेहमी हसवून सांगते, आणि हसवताना अर्धी गाळते. इथे गाळायची नाही असं ठरवलंय. बघू.

दवाखाना धंतोलीतला. तिथल्या गल्ल्या अशा, की एका दवाखान्याच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर समोरच्या दवाखान्यातल्या पेशंटची नाडी बघता यावी. माझ्या खिडकीतून समोरच्या इमारतीतला एक म्हातारा दिसायचा. तोही पलंगावर, त्यालाही कठडे. दिवसातून दोन-तीनदा आम्ही एकमेकांकडे बघायचो, पिंजऱ्यातल्या पोपटांनी बघावं तसे. त्याच्या बाजूला सकाळी ऊन यायचं, माझ्या बाजूला दुपारनंतर. तेवढाच काय तो फरक.

उजव्या हाताला सलाईन, डाव्या पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत पट्टी, पलंगाखाली लघवीची पिशवी. जे जे मी चौतीस वर्षं दुसऱ्यांना लावलं, ते सगळं एकदमच मला लागलेलं. हो, मी सिस्टर होते. सरकारी दवाखान्यात, बायकांच्या सर्जरीच्या वॉर्डात. नवरा वीज केंद्रात नोकरीला, राहायला कोराडीची कॉलनी, आणि मी रोज राखेचे ट्रक चुकवत बसनं शहरात. कॅप कडक कांजीची. ती इतकी ताठ असायची की बसमध्ये बायका मला टेकायला घाबरायच्या. त्या बाईबद्दल, म्हणजे तेव्हाच्या माझ्याबद्दल, थोडं सांगावं लागेल, कारण खोटं बोलली ती तीच. मी नुसती पडून होते.

त्या बाईचा एक सिद्धांत होता. ऑपरेशननंतर जो पेशंट कण्हतो तो लाडावलेला, आणि जो गप्प तो समाधानी. तिच्या वॉर्डात आवाज नसायचा. मेट्रनबाई राउंडला आल्या की म्हणायच्या, ‘किती शांत वॉर्ड आहे!’ आणि ही बया दिवसभर मोरासारखी चालायची. कुणी ‘दुखतं हो सिस्टर’ म्हटलं की हिचं उत्तर तयार, ‘पोट फाडलंय बाई, दुखणार नाही तर काय गुदगुल्या होतील?’ पेशंट हसायचे. हिला वाटायचं आपण फार विनोदी. टाके असताना हसलं की काय होतं ते तिला ठाऊक होतं, पण आठवायचं नाही.

एक बाई होती, गर्भपिशवी काढलेली, शेतातली. तीन दिवस तिनं पदराचं टोक दातात धरून काढले. विचारलं की म्हणायची, ‘बरं हाय बाई.’ मी रिपोर्टात लिहायचे, रुग्ण समाधानी. जाताना तिनं मला हात जोडले. मी ते आशीर्वादासारखे घेतले. आता वाटतं, फाटकाबाहेर सोडणाऱ्या जेलरलाही माणूस असेच हात जोडत असेल.

तर असं माझं शिक्षण, आणि समोर ही पोर.

नरखेडकडची होती. वडलांची संत्र्याची बाग, दोन भावंडं शिकणारी, आणि ही नोकरीवर नवीन. सहा महिने बघणार, मग कायम करणार, असं तिचं होतं. अंगानं बारीक, हात मात्र भक्कम. पाठीखाली हात घालून मला वर सरकवायची तेव्हा कळायचंही नाही. पहिल्याच दिवशी, भूल पुरती उतरली नसताना, मी तिला सांगून टाकलं की मी पण सिस्टर. हे न सांगता राहवणार होतं थोडंच?

‘अवं माय!’ ती म्हणाली. ‘म्हंजे माही परीक्षाच हाय ना आजी?’

‘परीक्षा कसली वं,’ मी म्हटलं, ‘तू पास आहेस असं समज.’

माझ्यातल्या कडक कॅपला हे फार आवडलं.

मग तिनं तो प्रश्न विचारला, जो आता सगळीकडे विचारतात आणि आमच्या वेळी नव्हता. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही, तर आजी, तुमचं किती? तिच्याजवळ चेहऱ्यांचं एक कार्डही होतं, हसणाऱ्यापासून रडणाऱ्यापर्यंत. कार्ड मी बाजूला सारलं. चेहरे लहान मुलांना दाखवावेत. पहिल्या दिवशी पायात सुन्न करायचं औषध होतं, तेव्हा दोन हे खरंच दोन होतं. ते खरं दोन फक्त रात्र सरेपर्यंत टिकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी औषधाचा असर गेला आणि गुडघा जागा झाला. कसा दुखला ते लिहीत बसत नाही. वाचणाऱ्यांत ज्यांचा गुडघा बदललाय त्यांना ठाऊक आहे, आणि बाकीच्यांना मी घाबरवू कशाला? एवढंच सांगते की मी पलंगाचा कठडा धरला होता आणि हात सोडायला बोटं एकेक उलगडावी लागली.

पोर आली. ‘आजी, दुखून राहिलं का? किती?’

‘दोन,’ मी म्हटलं.

का म्हटलं? एक तर सवय. दुसरं, शेजारी खुर्चीवर सून बसली होती. आता हेही सांगायला हवं. माझ्या सुनेचं सिझर झालं तेव्हा दुसऱ्याच दिवशी तिला उठवून उभं करणारी मीच. ती रडत होती. मी म्हटलं होतं, ‘एवढं काय त्यात? आमच्या वॉर्डात बायका दुसऱ्या दिवशी स्वतःची वेणी घालायच्या.’ बारा वर्षं झाली. सून ते कधी बोलली नाही. पण ती कधी बोलली नाही हे मला बारा वर्षं ऐकू येतंय. तिच्यासमोर मी ‘आठ’ म्हणणार? 

पोरीनं लिहिलं, दोन. कागदावर डॉक्टरांचा हुकूम होता की पाचाच्या वर असेल तर दुखण्याचं जादा इंजेक्शन द्या, नाहीतर नुसत्या गोळ्या. मला गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या कुणाचं दोन असतं तर तिनं खोदून विचारलं असतं. शेजारच्या खोलीतल्या काकूला मी ऐकत होते, ‘काकू, खरं सांगा, लाजू नका.’ मला नाही विचारलं. मी सिस्टर. सिस्टरचं दोन म्हणजे दोनच.

मग फिजिओवाली आली. हसरी, दंडात ताकद असलेली मुलगी. गुडघा वाकवायचा, वॉकर धरून उभं राहायचं, खोलीभर चालायचं. मी म्हटलं, चक्कर येतेय. दुपारी म्हटलं, आताच जेवले. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हटलं, रात्री झोप नाही, संध्याकाळी या. चौतीस वर्षांत पेशंटांनी मला ज्या सबबी सांगितल्या त्या सगळ्या मला तोंडपाठ होत्या, आणि त्यातली एकही मी तेव्हा खरी मानली नव्हती. ही फिजिओवाली मानत होती. छातीसाठी श्वास ओढून तीन प्लास्टिकच्या गोळ्या वर न्यायचं ते खेळणंही मी उलटं धरून फुंकायचे. उलटं धरलं की म्हातारीच्या फुंकरीनंही तिन्ही गोळ्या वर जातात. सून म्हणाली, ‘वा, आई!’ मी मान तुकवली.

खरं तर मी दिवसभर न हलता पडून होते. हललं की वीज चमकायची. पाठ तापायची, टाच जड व्हायची, डोक्याखालची उशी घसरायची, आणि उशी वर घे म्हणावं तरी सुनेला वाटेल की आईंना होत नाही, म्हणून मी घसरलेल्या उशीवर मान वाकडी करून छत बघायचे. छताच्या पांढऱ्या चौकोनांत बारीक भोकं होती. एका चौकोनातली सगळी मोजून झाली, मग दुसऱ्या चौकोनात तितकीच आहेत का ते बघितलं. मला कुणी बांधलं नव्हतं. एक शब्द बोलले असते तर सुटले असते. शब्द तोंडात होता. पण त्याच्या दाराशी ती कडक कॅपवाली उभी.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता डॉक्टरांचा राउंड. डॉक्टर, फिजिओवाली, मजल्याच्या इनचार्ज सिस्टर, आणि फाईल छातीशी धरून ही पोर. सून पायथ्याशी उभी.

फिजिओवाली म्हणाली, ‘सर, आजी सहकार्य करत नाहीत. गुडघा चाळीस अंशांच्या पुढे वाकत नाहीये.’

डॉक्टरांनी फाईल घेतली. ‘पेन स्कोअर दोन. दोन. दोन. एक.’ एक हे मी आदल्या संध्याकाळी लहर आली म्हणून म्हटलं होतं. ‘आजी, इतकं कमी दुखतं तर चालत का नाही? असा गुडघा आखडला तर पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल. चालेल?’

मी हसले. काय हसले देव जाणे.

त्यांनी पट्टीवर हात ठेवून गुडघा जरासा उचलला. माझ्या तोंडून आवाज निघाला नाही, पण चेहरा वाकडा झाला. डॉक्टरांनी बघितलं. मग त्यांनी माझ्याकडे नाही, इनचार्जकडे बघितलं.

इनचार्ज पोरीकडे वळल्या. ‘हा चार्ट तू भरला? न विचारता भरतेस का? बसल्या जागी दोन-दोन लिहून टाकायचं?’

‘नाही मॅडम, विचारलं ना. दर येळी विचारलं.’

‘मग हे काय आहे? हा दोनचा चेहरा आहे?’

पोरीनं माझ्याकडे बघितलं.  आता बोलायची पाळी माझी होती, हे खोलीतल्या खुर्चीलाही कळलं असतं. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, ‘मी सांगितलं दोन. ती विचारत होती.’ सून उभी होती. डॉक्टर उभे होते. मी सलाईनच्या बाटलीकडे बघू लागले, जणू त्या बाटलीत काही फार महत्त्वाचं घडतंय.

‘दुपारी चारपर्यंत मला लिहून दे,’ इनचार्ज म्हणाल्या. ‘खोटा चार्ट म्हणजे काय असतं माहिती आहे ना? अजून कायम व्हायची आहेस.’

राउंड पुढच्या खोलीत गेला.

मला चांगलं आठवतं, पहिला विचार आला तो असा: झालं ते झालं, इनचार्ज रागावतात, विसरतात. हा विचार करणारीला मी ओळखते. चौतीस वर्षांत तिनं बऱ्याच पोरींना असं लिहून द्यायला लावलं होतं, आणि त्यातली एकही विसरत नव्हती.

दुपारी सुनेनं मला वरणभात भरवला. मी खाल्ला. खिडकीतून समोरचा म्हातारा दिसला. त्याला दोघांनी धरून उभं केलं होतं आणि तो मोठमोठ्यानं ओरडत होता. काचेतून आवाज येत नव्हता, तोंड तेवढं दिसत होतं. ओरडत ओरडत तो चार पावलं चालला. मला त्याचा इतका राग आला!

दोनच्या सुमारास पोर आली. सगळं काम नीट केलं, नेहमीपेक्षा नीट. बीपी, ताप, नाडी. पिशवी रिकामी केली. उशी न सांगता वर घेतली.  मग ते चेहऱ्यांचं कार्ड काढून माझ्यासमोर धरलं.

मी कार्डावरचे चेहरे मोजू लागले.

‘आजी,’ ती म्हणाली, ‘मले चारपर्यंत लिहून द्याचं हाय, का म्या चार्ट खोटा काहून भरला. काय लिहू?’

‘लिही की विचारलं होतं.’

‘ते तं म्या तोंडानं सांगतलंच. कोण मानते?’ तिनं कार्ड खाली केलं. ‘मले नोकरीचं नाही वाटून राहिलं तेवढं. मले येगळंच वाटून राहिलं. काल म्या घरी फोनवर आईले सांगतलं, का माह्याजवळ एक मोठ्या सिस्टर हायेत, रिटायर झालेल्या, अन् त्याईचं दोनच्या वर जातच नाही. आई म्हणे, तुह्या हाताले गुण आला. मी खुश होतो ना आजी दोन दिवस. अन् तुमी इकडे...’

तिच्याकडच्या बायका स्वतःला ‘मी खुश होतो’ म्हणतात. ते ‘होतो’ ऐकून मला काय झालं ते सांगता येत नाही. माझ्या दुखण्याचा हिशेब मी माझ्यापुरता धरला होता. ती पोर दोन दिवस माझ्या खोट्यावर समाधानानं जगत होती, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मी पण तशीच जगले होते, चौतीस वर्षं. मला कुणी येऊन सांगितलं नव्हतं एवढंच.

‘आठ,’ मी म्हटलं.

‘काय?’

‘आठ. काल सकाळपासून आठ. फिजिओवाली आली की नऊ. आत्ता उशी वर घेतलीस तेव्हा साडेआठ.’

 सून खुर्चीतून उठली. मी तिच्याकडे न बघता म्हटलं, ‘ऐकलंस ना? हस आता.’

सून हसली नाही. शांतपणे म्हणाली, ‘आई, माझं पण आठच होतं.’

बस, एवढंच म्हणाली. बारा वर्षांचं उधार तिनं पाच शब्दांत वळतं केलं आणि डब्याचं झाकण लावू लागली. मला वाटलं होतं, या क्षणी भिंत कोसळेल. काही कोसळलं नाही. उलट गुडघा जरा कमी दुखल्यासारखा वाटला, पण तो भास असावा, कारण इंजेक्शन नंतर दिलं.

मी कागद मागितला. मला बसतं करा म्हटलं. लिहिलं की रुग्णाने, म्हणजे मी, दर वेळी विचारणा झाली असताना जाणूनबुजून खोटा आकडा सांगितला; सिस्टरची यात चूक नाही. खाली सही, आणि सहीखाली ‘सेवानिवृत्त वॉर्ड सिस्टर’. तेही लिहिल्याशिवाय राहवलं नाही, काय करता. मग इनचार्जना बोलावणं पाठवलं.

त्यांनी कागद वाचला. चाळिशीच्या असतील, डोळ्यांखाली काळं. मला वाटलं, आता या म्हणतील, ‘आजी, काय हे!’ आणि विषय मिटेल. त्या म्हणाल्या, ‘आजी, तुम्ही सिस्टर होता म्हणून विचारते. तुमच्या हाताखालच्या पोरीनं पेन स्कोअर दोन लिहिला असता, आणि त्याच्याच शेजारी नाडी एकशे चौदा, तर तुम्ही काय म्हटलं असतं?’

फाईल त्यांनी माझ्यापुढे धरली. खरंच होतं. पोरीच्याच सुंदर अक्षरात, एकशे दहा, एकशे चौदा, एकशे बारा. तिनं लिहिलं होतं, पण वाचलं नव्हतं. मी सांगतेय म्हणून माझ्या नाडीचं ऐकलं नव्हतं.

‘खोटा चार्ट नाही, मान्य,’ इनचार्ज म्हणाल्या. ‘ते मी काढून टाकते. पण हे तिला कळायला हवं.’ आणि पोरीला म्हणाल्या, ‘उद्यापासून तू वरच्या मजल्यावर. तिथल्या सिस्टरच्या हाताखाली राहा पंधरा दिवस.’

नोकरी राहिली. पण पोर माझ्या खोलीतून गेली, आणि जाताना तिनं मला हात वगैरे काही जोडले नाहीत.

पुढचे दोन दिवस दुसरी सिस्टर होती. विचारलं की मी खरा आकडा सांगायचे. फिजिओच्या अर्धा तास आधी इंजेक्शन. तरीही गुडघा वाकवताना मी अशी ओरडले की शेजारच्या काकूची मुलगी दारात धावत आली. सून माझा हात धरून उभी होती. तिची बोटं मी इतकी आवळली की संध्याकाळी तिनं अंगठी काढून ठेवली. पहिल्या दिवशी साठ, दुसऱ्या दिवशी पंच्याऐंशी. डॉक्टर म्हणाले, आता भुलीची गरज नाही.

जायच्या दिवशी दवाखान्याचा समाधानाचा फॉर्म आला. नर्सिंग सेवा कशी वाटली, पाचपैकी किती तारे. सुनेनं मोबाईलवर धरला आणि विचारलं, ‘किती देऊ?’ मी म्हटलं, पाच, आणि खाली लिही की पेशंट वाईट होता. तिथे लिहायला जागाच नव्हती. तारे दिले की फॉर्म संपला.

मी चाकाच्या खुर्चीवर होते. लिफ्टशी आल्यावर खुर्ची ढकलणाऱ्या मावशींना म्हटलं, खाली नको, आधी वर घ्या. सून म्हणाली, ‘आई, गाडी उभी आहे.’ मी म्हटलं, उभी राहू दे, तू हो पुढे.

पोर वरच्या पॅसेजमध्ये औषधांची ट्रॉली लावत होती. मला बघून थांबली. मी आधीच काय काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं, एक-दोन गमतीची वाक्यंही होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

‘कागद दिला होता वं मी,’ मी म्हटलं. ‘सही करून.’

‘हो. दाखवला मॅडमनं.’ तिनं ट्रॉलीवरची एक बाटली सरळ केली. ‘पण आजी, मले तुमची सही नोको होती. तवा राउंडमधी सगळे उभे होते ना, तवा तोंड उघडाचं होतं. नाडी म्या नाही पायली, ते माहं चुकलं. पण तवा तुमी वर पायत होत्या.’

या वेळी मी वर नाही, तिच्याकडे बघितलं. 

ती माझ्या पायाकडे बघत होती. पाय खुर्चीच्या पायटीवरून घसरून लोंबत होता. ती खाली बसली, एक हात टाचेखाली, एक गुडघ्यामागे घालून तिनं पाय उचलला, पायटी वर केली, उशी घातली. दुखलं नाही. खरंच नाही. ‘पाय असा लोंबता ठिऊ नका,’ ती मावशींना म्हणाली, ‘सूज येते.’ तेवढ्यात कुठल्यातरी खोलीची घंटी वाजली आणि ती गेली.

गाडीत बसल्यावर सुनेनं विचारलं, ‘काय म्हणाली?’

‘पाय लोंबता ठेवू नका म्हणाली.’

गाडी धंतोलीच्या गल्लीतून बाहेर पडून पहिल्या सिग्नलला थांबली.  मग सुनेला तिचं उरलेलंही सांगितलं, राउंडमध्ये मी तोंड उघडायला हवं होतं तेही.